परसातली वेधशाळा : कामाच्या नोंदी (आणि बापूंचा फोकस)

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

आज धूमकेतू बघितला. त्सुचिनशान-ॲटलास. आठवडाभर ढगांनी जीव खाल्ला आणि आज संध्याकाळी अचानक पश्चिम मोकळी झाली, शुक्राच्या वर उजवीकडे दुर्बिणीशिवाय अंधुक दिसत होता, बायनॉक्युलरमध्ये शेपूट पण. आईला गच्चीवर आणलं, तिला दिसला, ती म्हणाली हा बघायला तू दर वेळी एवढा पसारा काढतोस?

पसारा म्हणजे खरंच पसारा आहे. आठ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), जुना घेतलेला एचईक्यू-फाइव्ह माउंट (दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते तो), तिला तोलायला दोन वजनं, बॅटरी, वायरी. पुण्याहून शनिवारी गावाला यायचं (वाईच्या पुढे, घराच्या उत्तरेला पांडवगड-मांढरदेवची रांग), सगळं बाहेर काढायचं, ध्रुव शोधून माउंटचा अक्ष त्याच्याशी अलाइन करायचा, तोवर दहा वाजतात, दव पडायला लागतं, आणि पहाटे परत सगळं आत. पाठीचा एमआरआय काढून झालाय. म्हणून ठरवलं की परसात चिंचेच्या पलीकडची जागा रिकामीच आहे तिथे कायमची खोली बांधायची, दहा बाय आठ, छप्पर सरकवता येईल अशी. डोम वगैरे नको, डोमचा खर्च आणि गळती दोन्ही आपल्याला झेपणार नाही.

२ नोव्हेंबर

दिवाळीत बांधकाम शून्य, मोजमाप तेवढं झालं. एसक्यूएम मीटर घेतलाय, हातात मावेल एवढी डबी आहे, आकाशाकडे धरून बटण दाबलं की आकडा येतो. आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. अगदी निखळ काळं आकाश २२ च्या आसपास. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर १७.९ येतो. इथे परसात लक्ष्मीपूजनाच्या आदल्या आठवड्यात २०.४ आला होता. अडीचचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण हे मोजमाप साधं नाही, पाचचा फरक म्हणजे शंभरपट, अडीच म्हणजे दहापट. म्हणजे माझ्या गच्चीवरचं आकाश इथल्यापेक्षा दहापट उजळ आहे. मग तिथे आकाशगंगा कुठून दिसणार.

काल लक्ष्मीपूजन आणि अमावास्या एकत्र, म्हटलं मस्त काळोख मिळेल, तर आकडा १९.७. फटाक्यांचा धूर. हवेत कण वाढले की खालचा उजेड त्यांच्यावर आपटून परत खाली येतो, त्यामुळे दिवे तेवढेच असले तरी आकाश उजळ. थंडीत शेकोट्या आणि पाचट जाळणं सुरू झालं की हेच होणार.

बोर्टल नावाच्या माणसाने २००१ मध्ये आकाशाचे नऊ वर्ग पाडले, १ म्हणजे स्वर्ग आणि ९ म्हणजे मोठ्या शहराचा मध्य. आपण ४ आणि ५ च्या मधे लटकलोय.

९ नोव्हेंबर

खड्डा. तीन फूट बाय तीन फूट, चार फूट खोल, खाली मुरूम लागला. दुर्बीण ज्या खांबावर बसते तो पिअर आणि खोलीचा कोबा यांचा एकमेकांना स्पर्श नको, नाहीतर मी पाऊल टाकलं की गुरू आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) नाचणार. गवंड्याला हे पटवायला अर्धा तास गेला. तो म्हणे साहेब सगळं एकत्र ओतलं तर मजबूत होईल. म्हटलं मजबुती नको, फारकत पाहिजे. शेवटी पिअरच्या भोवती थर्माकोल लावून मग कोबा करायचा ठरलं.

सळ्यांचा पिंजरा बसवला, वर फाउंडेशन बोल्ट, उत्तर दिशा मोबाइलच्या कंपासने बघितली आणि दुपारी ओतून टाकलं.

१७ नोव्हेंबर

मूर्खपणा झाला.

आज सहज म्हणून सावलीवरून उत्तर तपासली. सूर्य डोक्यावरून जाणारी दक्षिणोत्तर रेषा ओलांडतो तेव्हा ओळंब्याच्या दोरीची सावली बरोबर उत्तरेकडे पडते. ती वेळ घड्याळातले बारा नव्हे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण इथे ७३.९ वर, म्हणजे साधारण ३४ मिनिटं उशीर. वर नोव्हेंबरमध्ये सूर्य घड्याळाच्या पंधराएक मिनिटं पुढे असतो, ती वजा. आले १२ वाजून १९ मिनिटं. बांबूच्या तिकाटण्याला ओळंबा टांगला, १२:१९ ला कोब्यावर खडूने रेघ मारली, आणि बोल्टांची रेघ बघितली तर दोघींमध्ये अकरा अंश.

अकरा! कारण लख्ख आहे, मोबाइल मी लोखंडी सळ्यांच्या पिंजऱ्यावर धरला होता, कंपास बिचारा सळ्यांकडे बघत होता. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात फरक जेमतेम असतो त्यामुळे कंपासला दोष नाही, धरणाऱ्याला आहे. माउंटला आडवे फिरवायचे स्क्रू असतात पण ते मोजकेच फिरतात. आता वरची प्लेट नवीन, लांबट भोकांची करून घ्यायची.

(मे महिन्यात कोणी ही सावलीची युक्ती करायला जाऊ नका, ११-१२ मेच्या सुमारास इथे शून्य सावली, ओळंब्याखाली बघत बसाल.)

३० नोव्हेंबर

वाईत वेल्डरकडे. प्लेट झाली, १२ एमएमची, चार लांबट भोकं. ती बनवताना दुसरी भानगड लक्षात आली, जी वाचलेल्या कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हती कारण ते सगळे प्लॅन युरोप-अमेरिकेतले. तिकडे ध्रुव चाळीस-पन्नास अंशांवर असतो, माउंटचा अक्ष तेवढा कललेला, वजनाचा दांडा खांबापासून लांब झुकतो. आपल्याकडे ध्रुव १८ अंशांवर, अक्ष जवळजवळ आडवा पडतो आणि वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो, म्हणजे थेट खांबाला धडक. माझा काँक्रीटचा पिअर दहा इंचाचा जाडजूड, वजनं आपटणारच. मग काँक्रीट जमिनीच्या वर दीड फुटावर थांबलंय ते बरंच झालं म्हणायचं, त्याच्यावर सहा इंची एमएस पाइप उभा करून आत वाळू भरली (पाइप पोकळ ठेवला तर घंटेसारखा घणघणतो) आणि प्लेट उत्तरेकडे चार इंच बाहेर काढली. आता वजन पाइपाच्या पुढून दोन बोटं सोडून जातं. दोन बोटं म्हणजे दोनच, तिसरं बसत नाही.

८ डिसेंबर

गुरू काल प्रतियुतीत, म्हणजे सूर्याच्या बरोबर समोर. रोहिणीजवळ, रात्रभर. उघड्या पिअरवरच माउंट ठेवून बघितलं, पट्टे अप्रतिम, पाय आपटून बघितला, गुरू हलला नाही. गवंड्याला फोन करून सांगितलं. त्याला काय कळलं माहीत नाही पण खूश झाला.

बाकी मूड गेला कारण पश्चिमेला शेजारच्या बापूंच्या गोठ्यावर नवीन फोकस लागलाय. एलईडी, पांढराफेक, शंभर वॉटचा असावा. गोठ्याच्या वळचणीला लावलाय आणि तोंड अर्धं वर, त्यामुळे गोठा कमी आणि आमची चिंच जास्त उजळते. चिंचेची सावली माझ्या पिअरवर पडते. रात्री अकरा वाजता!

२२ डिसेंबर

भिंती. वीट नको कारण वीट दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता सोडत राहते, तिच्यावरून जाणारी हवा थरथरते आणि तारा उकळतोय असं दिसतं. पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम) घेतले, भंगारवाल्याकडून, कुठल्या तरी स्ट्रॉबेरीच्या कोल्ड स्टोरेजमधून निघालेले. एकावर अजून इंग्रजीत तापमानाचा स्टिकर आहे, तो मुद्दाम आतल्या बाजूला ठेवलाय. भिंतीची उंची पाच फूट.

छप्पर कुठल्या बाजूला सरकवायचं यावर दोन रात्री घालवल्या. बहुतेक जण उत्तरेला सरकवतात. दक्षिण मोलाची, अगस्त्य इथून १९ अंशांवर येतो, वृश्चिक-धनु सगळं दक्षिणेला, तिकडे छप्पर ठेवायचा प्रश्नच नाही. उत्तरेला ठेवलं तर, खुर्चीवर उभं राहून दोरी धरून बघितलं, छपराचा कणा बरोबर ध्रुवाला झाकतो. रांगेच्या वर जेमतेम हातभर दिसणारा ध्रुव, तोही गेला तर अलाइन कशावर करू. पूर्वेला विहीर. राहिली पश्चिम. पश्चिमेला बापूंचा फोकस आहे. म्हणजे छप्पर उघडलं की तेच फोकसच्या आड येईल. एका दगडात दोन पक्षी, असं वाटलं खरं.

१२ जानेवारी २०२५

छपराचा सांगाडा. दीड इंची चौकोनी पाइप, वर पन्हाळी पत्रा. चाकं स्लायडिंग गेटचीच, खाच असलेली, उलटा अँगल ठोकून त्यावर धावतात. सहा चाकं. वेल्डरने एका बाजूचा रूळ सहा एमएम तिरका लावला, छप्पर तीन फूट गेलं आणि रुसलं. काढून परत.

उद्या पौष पौर्णिमा, काळूबाईची यात्रा, डोंगरावर आत्तापासून दिव्यांची ओळ दिसतेय. यात्रा पौर्णिमेलाच असते त्यामुळे तक्रारीला जागा नाही, चंद्र असतोच. मंगळ बघून झोपलो.

१ फेब्रुवारी

प्रकाश प्रदूषण हा विषय मी इतके दिवस 'पुण्याचा उजेड' एवढाच समजत होतो. उत्तरेला रांगेच्या वर पहाट झाल्यासारखा पट्टा दिसतो तो शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांचा आणि त्यामागे पुण्याचा. त्याचं मी काहीच करू शकत नाही. महिनाभर वाचतोय, त्यातलं जे डोक्यात राहिलं ते लिहून ठेवतो.

निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, ज्या कारणाने दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने. जुने पिवळे सोडियमचे दिवे ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, पांढऱ्या एलईडीत ४५० ला निळ्याचा मोठा उंचवटा असतो. विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताने बदलतं, हिशोब केला तर निळा जवळजवळ तिप्पट विखुरतो. म्हणजे तेवढाच उजेड, पण आकाशात सांडतो जास्त. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एलईडी लागले, वीज वाचली हे खरंच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत, पण पांढरेच का लावले, जरा पिवळट पण मिळतात की.

आणखी गंमत म्हणजे रात्रीचा उजेड मोजणारा जो नेहमीचा उपग्रह कॅमेरा आहे, व्हीआयआयआरएस, त्याला ५०० नॅनोमीटरच्या खालचं दिसतच नाही. पिवळे काढून पांढरे लावले की उपग्रहाला वाटतं उजेड कमी झाला. जमिनीवरून माणसांनी डोळ्याने तारे मोजून पाठवलेल्या पन्नास हजारांवर नोंदींचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला, त्यात आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय असं निघालं. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. जिथे आज २५० तारे दिसतात तिथे जन्मलेल्या पोराला अठराव्या वर्षी १०० दिसतील, असं त्यांनीच उदाहरण दिलंय. हे वाचून मी उठून बाहेर गेलो आणि कृत्तिका मोजल्या. सात. ठीक आहे अजून.

जाता जाता, कधी काळी देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण पुण्यात होती. महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, वीस इंची परावर्ती दुर्बीण, कावसजी नायगमवाला सांभाळायचे. १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते सोलापूरकडे जेऊरला गेले होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. आज ती दुर्बीण तिथेच असती तर तिला चंद्र आणि चार ग्रह यापलीकडे काय दिसलं असतं कोण जाणे.

२३ फेब्रुवारी

बापूंकडे गेलो. जायला दोन महिने लागले हे लाजिरवाणं आहे पण शेजाऱ्याला 'तुमचा दिवा मला त्रास देतो' हे सांगायची वेळ कुठली योग्य असते? चहा झाला, उसाचा दर झाला, मग काढलं.

बापू म्हणाले, "आरं मागल्या म्हैन्यात बिबट्यानं वरच्या वस्तीवर वासरू न्हेलं. दोन येळा मोटरीची केबल गेली. मी काय हौसंनं लावलाय व्हय?"

मी गप्प. इतके दिवस मनात बापू म्हणजे उधळ्या माणूस झाला होता आणि इथे वासराचा प्रश्न. मी बंद करा म्हणणार होतो ते गिळलं. म्हटलं बापू, अंधार पडल्यावर एकदा माझ्याबरोबर गोठ्यापाशी उभे राहा फक्त.

साडेसातला उभे राहिलो. फोकस डोळ्यावर. मी विचारलं, त्या वैरणीच्या गंजीमागे काय आहे दिसतंय का? बापूंनी डोळ्यावर हात धरला. हात धरल्याबरोबर त्यांनाच दिसलं. "बैलगाडीचं चाक हाय की." मग मी पंधरा किलोच्या तेलाचा डबा आणला होता, एक बाजू आणि बूड कापलेला, काठीला बांधून फोकसच्या वर-पुढे धरला. चिंच काळी झाली. गोठ्याचं अंगण होतं तसंच उजळ राहिलं, आणि अंगणाच्या पलीकडचा बांध, जो आधी नुसता काळा पडदा होता, तो हळूहळू दिसायला लागला, कारण डोळ्यात घुसणारा उजेड थांबला होता. मी काही बोललो नाही. बापू बांधाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे बिबट्या आला आस्ता तर त्येला मी दिसलो आस्तो, मला त्यो न्हाई."

डबा तिथेच बसला. दोन स्क्रू आणि बांधायची तार. फोकसचं तोंडही पूर्ण खाली केलं.

१ मार्च

एसक्यूएम : २०.४. डब्याच्या आधी : २०.४. जसाच्या तसा. जरा हिरमुसलोच, पण विचार केल्यावर बरोबर आहे. मीटर डोक्यावरचं आकाश मोजतो, आणि तिथला उजेड एका फोकसचा नसतोच, तो हजारो दिव्यांचा, दूरवरून, आडव्या कोनात निघून हवेच्या जाड थरातून आलेला. क्षितिजाच्या थोडंसं वर निघालेला उजेडच सगळ्यात लांब जातो आणि लांबच्यांचं आकाश नासवतो. बापूंचा वर जाणारा उजेड कदाचित फलटणच्या एखाद्याला नडत असेल.

पण डोळ्याला फरक पडलाय. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत दिसला की पहिल्यापासून सुरुवात. पूर्वी मला कधी ती अर्ध्या तासाची सलगताच मिळत नव्हती. काल मिळाली, आणि सप्तर्षीच्या खालची एम-५१ दीर्घिका आयपीसमध्ये नुसता डाग न दिसता दोन डाग दिसली, जोडलेली.

कोपऱ्यावरच्या खांबावरचा दिवा वर कललेला होता तो वायरमनला सांगून सरळ केला. पाच मिनिटांचं काम. त्याला म्हटलं रस्ता जास्त उजळेल, आणि उजळलाच.

१९ मार्च

काम बंद. गवंडी बावधनचा, आज रंगपंचमी, त्यांच्या गावचं बगाड. आधीच सांगायला हवं होतं असं तो म्हणाला, खरं तर मलाच ठाऊक असायला हवं होतं.

२९ मार्च

छप्पर धावलं! एका हाताने. उद्या पाडवा, आज अमावास्या. आई गुढीची काठी शोधायला आली आणि बघते तर छप्पर पश्चिमेला निघालेलं. साडेसातला मृगाचा तेजोमेघ, मग गुरू, मग दहापर्यंत काहीबाही. दहा मिनिटांत सुरू, पाच मिनिटांत बंद, पाठ शाबूत. छपराने बापूंचा गोठा झाकला, तशी आता गरज नव्हती, उलट पश्चिमेचं खालचं आकाश फुकट गेलं. डबा आधी सुचला असता तर छप्पर बहुतेक पूर्वेला, विहिरीवरूनच नेलं असतं.

खर्च आत्तापर्यंत ८७ हजार, त्यात तिरक्या रुळाचे आणि अकरा अंशांचे साडेचार हजार.

२६ एप्रिल

संध्याकाळी वळीव. गारा, वारा, तासभर झोडपलं, मग लाइट गेली. नुसती आमची नाही, पार वाईपर्यंतची. साडेनऊला ढग फाटून आभाळ मोकळं झालं आणि धुतलेली हवा. पळत जाऊन छप्पर उघडलं. एसक्यूएम २०.८. इथे मिळालेला आजवरचा सगळ्यात मोठा आकडा, आणि त्यातही उत्तरेला रांगेवरचा तो पट्टा होताच, पुण्याची लाइट थोडीच गेली होती.

पावणेबाराच्या सुमारास नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला जास्तीत जास्त वर येतो, इथून साडेचोवीस अंश. एरवी साताऱ्याच्या उजेडात बुडालेला. आज नुसत्या डोळ्याने धुरकट तारा दिसला. आठ इंचात लावला तर आयपीस भरून रवा सांडलेला. बापूंना हाक मारली, बॅटरी घेऊन आले, ती विझवायला लावली. बराच वेळ डोळा लावून होते. काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे समदं सूर्यच?" म्हटलं हो, लाखोंनी. "आन् पाऊस पडला न्हाई तर दिसतच न्हाई?"

साडेबाराला लाइट आली. गावाचे दिवे एकदम लागले. गोठ्याचा फोकस पण लागला, पण डब्याखाली, अंगणापुरता.

२५ मे

या वर्षी पावसाने पंचांगच गुंडाळून ठेवलं. अजून मे संपला नाही आणि पाच दिवस धो धो. छपराला वाऱ्यासाठी चार कोपऱ्यांना टर्नबकल (पिळून ताणायचे आकडे) लावायचे होते ते 'जूनच्या आधी' म्हणून ठेवले होते, परवाच्या वाऱ्याने एक बाजू चाकांवरून उचलली. रात्री दीड वाजता मी पुण्यात, आईचा फोन, मग बापूंनी आणि त्यांच्या मुलाने उसाच्या ट्रॉलीचा दोर टाकून बांधलं. आज येऊन टर्नबकल लावले. पश्चिमेच्या फटीतून पाणी आलंय, खाली पन्हळ लावावी लागेल.

दुर्बीण घरात, कपाटात, आता ऑक्टोबरपर्यंत तिथेच. इथल्या दमट हवेत आरशाला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. सिलिका जेलच्या पुड्या गुलाबी पडल्यात, त्या भाजून परत निळ्या करायच्या, त्यासाठी वेगळी जुनी कढई ठेवली आहे, स्वयंपाकाची घ्यायची नाही, आईने त्या कढईवर खडूने 'तारे' लिहून ठेवलंय.

बापूंच्या गोठ्यावरचा डबा वाऱ्यात उडून चिंचेखाली पडला होता. मी तो घेऊन गेलो तर तिथे आधीच दुसरा बसवलेला, नवीन, जरा मोठा, आणि रिव्हेट मारून.